वाचकांचे प्रश्न: स्वालबार्डची स्की मोहीम, पण आधी कोठे?

प्रश्न: आम्ही नाशिकचे चौघे मित्र गेली अनेक वर्षे सह्याद्रीत भटकतो आणि आमच्यापैकी तिघांनी हिमालयात हिवाळी ट्रेकही केले आहेत. पुढील एप्रिलमध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर स्कीवरून, सामानाची स्लेज ओढत आणि तंबूत राहत आठ-दहा दिवसांची मोहीम करावी, तीही वाटाड्याशिवाय, असे आमच्या मनात आहे. स्कीइंग मात्र कोणीच केलेले नाही आणि दोघे शाकाहारी आहेत. तयारी कोठून सुरू करावी?

उत्तर: आपण महिना अचूक निवडला आहे, ठिकाण मात्र एक वर्ष पुढे ढकलावे असे मी स्पष्टच सुचवीन. एप्रिलमध्ये तेथे बर्फ भरपूर असतो आणि महिन्याच्या उत्तरार्धात तर सूर्य मावळतच नाही. परंतु लाँगयरब्येन या तेथील मुख्य गावाच्या वस्तीबाहेर पाऊल टाकले की ध्रुवीय अस्वलांचा प्रदेश सुरू होतो. अस्वलाला घाबरवून पळवून लावण्याचे साधन जवळ असणे तेथे कायद्याने बंधनकारक आहे, शिवाय बंदूक बाळगावी असा प्रशासनाचा सल्ला असतो आणि ती भाड्याने घ्यायची तर रीतसर परवाना लागतो. २०२५ पासून मार्च ते जून या काळात अस्वलापासून किमान ५०० मीटर दूर राहण्याचा नियम आहे. रात्री तंबूबाहेर पाळीपाळीने पहारा द्यावा लागतो, वाटेत हिमनद्यांच्या भेगा असतात, आणि वस्तीच्या आसपासचा भाग सोडून पलीकडे जायचे तर गव्हर्नरच्या कार्यालयाला आगाऊ कळवून शोध-बचावाच्या खर्चाचा विमा दाखवावा लागतो. ज्यांना अजून स्कीवर तोल सांभाळता येत नाही, त्यांनी एवढे सगळे एकदम अंगावर घेऊ नये.

यंदा स्वीडनच्या उत्तरेकडील कुंगस्लेडेन या वाटेचा आबिस्को ते निक्कालुओक्ता हा टप्पा करावा. हा टप्पा सुमारे १०५ किलोमीटरचा, पूर्णपणे आर्क्टिक वर्तुळाच्या आत आहे आणि हिवाळी वाट खांबांवरील लाल फुल्यांनी दाखवलेली असते. एका दिवसाच्या चालीवर मुक्कामाच्या झोपड्या आहेत. तेथे वीज नसते, पाणी बर्फाला पाडलेल्या भोकातून आणावे लागते आणि लाकडे आपणच फोडायची असतात. स्लेज आणि तंबू तरीही बरोबर न्यावा, कारण दोन-तीन रात्री मुद्दाम झोपडीजवळ तंबूत काढायच्या आणि काही बिनसले तर दार ठोठावायचे, हीच या वाटेची खरी सोय आहे. सुमारे ११५० मीटर उंचीच्या शेक्त्या खिंडीत वारा सुटला तर आर्क्टिक म्हणजे काय ते तेथेच कळते. तापमान उणे १५ अंश आणि वारा ताशी ३६ किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला ते उणे २७ सारखे जाणवते.

स्कीइंगसाठी औली किंवा गुलमर्ग येथील अभ्यासक्रम जरूर करावा, पण तेथे प्रामुख्याने उतारावरचे स्कीइंग शिकवतात आणि त्यात टाच स्कीला जखडलेली असते. मोहिमेच्या स्कीवर टाच मोकळी असते आणि चढावर स्कीखाली घसरण रोखणारे पट्टे लावावे लागतात, म्हणून आबिस्कोला दोन दिवस आधी पोहोचून त्याचा सराव करावा. तोपर्यंत घरी कमरेला पट्टा बांधून मोटारीचे जुने टायर ओढण्याचा व्यायाम करावा. लोक हसतील, पण स्लेज ओढण्याचा याहून चांगला सराव आपल्या मैदानांवर मिळणार नाही.

मात्र सह्याद्रीच्या माणसाला तेथे नडतो तो दम नव्हे, घाम. आपल्याकडे भिजलेला सदरा अंगावरच वाळतो. तेथे तो थांबल्याबरोबर गोठू लागतो. म्हणून सुती कपडा एकही नको, आत लोकर आणि बाहेर वारा अडवणारे जाकीट असावे, आणि निघताना थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे घालावेत. थांबलात की पहिल्या मिनिटातच पिसांचे जाड जाकीट सगळ्यावरून चढवावे.

दुसरी गोष्ट हातांची. तंबू उभारणे आणि स्टोव्ह पेटवणे ही कामे पातळ हातमोजे न काढता जमली पाहिजेत. पेट्रोलवर चालणारा स्टोव्ह घ्यावा, कारण गॅसची नळकांडी कडाक्यात मंदावतात. तो लाकडी फळीवर ठेवावा, नाहीतर खालचा बर्फ वितळून तो कलंडतो. बर्फ वितळवताना भांड्यात आधी थोडे पाणी ठेवावे म्हणजे बूड करपत नाही, आणि तंबूत विषारी वायू साठू नये म्हणून हवेचे झरोके उघडे ठेवावेत. लायटर खिशात अंगाशी ठेवावा आणि पाण्याची बाटली उलटी, कारण पाणी वरून गोठते.

शाकाहाराची अडचण नाही, पण तूप, पेढे, पनीर भारतातून नेऊ नये. युरोपीय संघाच्या नियमांनुसार दुग्धजन्य पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत. लोणी आणि चीज तेथेच घ्यावे आणि भरपूर खावे. दाण्याची चिक्की, सुकामेवा, मेतकूट, भाजलेले पोहे खुशाल न्यावेत, मात्र चिक्की आणि चॉकलेटचे घासाएवढे तुकडे करूनच पिशव्या भराव्यात, कारण गोठलेली चिक्की दात पाडते.

मैत्रीविषयी आपण काही विचारले नाही, तरी सांगतो. नेता कोण, आणि वाऱ्यात परत फिरायचे कधी, हे नाशिकलाच ठरवून कागदावर लिहावे. परत फिरू म्हणणाऱ्या एकाचे मत तिघांच्या मतावर भारी ठरेल, असा नियमच करून टाकावा.

प्रश्न: पुढच्या वर्षी स्वालबार्डला जाताना वेगळा व्हिसा लागेल का? आणि सॅटेलाइट फोन येथूनच विकत न्यावा का?

उत्तर: स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा नाही, पण ती बेटे शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर आहेत. ऑस्लोमार्गे जाऊन परत येताना आपण शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश करता, म्हणून किमान दोन प्रवेशांचा व्हिसा मागावा. सॅटेलाइट फोन अथवा संदेशयंत्र विनापरवाना भारतात बाळगणे बेकायदेशीर आहे. ते तिकडे भाड्याने घ्यावे आणि परतण्याआधी तिकडेच परत करावे.