अमेरिकेची 'यादवी' आणि तटस्थ शब्दाचा शोध

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात झालेल्या युद्धाला मराठीत 'यादवी युद्ध' म्हणतात. वस्तुनिष्ठ इतिहासलेखनात तो शब्द चालेल काय, की 'गृहयुद्ध' हा अधिक तटस्थ शब्द वापरावा, असे एका वाचकांनी विचारले आहे.

तटस्थ आणि वस्तुनिष्ठ हे शब्द एकाच अर्थाने वापरलेले वारंवार ऐकू येतात आणि ते मला मुळीच सहन होत नाही. तटस्थ काठावर उभा राहतो. वस्तुनिष्ठाची निष्ठा पुराव्याशी असते, आणि पुरावा एका बाजूचा असेल तर त्याला त्या बाजूचा निष्कर्ष मांडावाच लागतो.

'यादवी'चा रूढ अर्थ सर्वांना ठाऊक आहे. प्रभासक्षेत्री मद्यधुंद यादवांनी एरका गवताच्या मुसळांनी परस्परांचा संहार केला, हेही ठाऊक असते. पण महाभारताच्या मौसलपर्वात ते भांडण कशावरून पेटले हे फार थोडे सांगतात. पांडवांकडून लढलेल्या सात्यकीने कौरवांकडून लढलेल्या कृतवर्म्याला 'झोपलेल्यांना मारणारा' म्हणून हिणवले, तेव्हा हात तुटून प्रायोपवेशनाला (आमरण उपोषणाला) बसलेल्या भूरिश्रव्याचा सात्यकीनेच केलेला वध कृतवर्म्याने त्याला ऐकवला. म्हणजे भारतीय युद्धानंतर छत्तिसाव्या वर्षी, त्या युद्धात अधर्म कोणाचा होता या वादातून यादवी झाली! 'यादवी' म्हणजे केवळ भाऊबंदकी असे सांगणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा. माझ्या मते गतयुद्धाच्या स्मृतीवरून होणारा कलह हाच या शब्दाचा गाभा आहे.

अमेरिकेला तो अर्थ नेमका लागू पडतो. अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेच्या संघराज्याचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च १८६१ मध्ये सॅव्हाना येथे, कृष्णवर्णीय गोऱ्यांच्या बरोबरीचे नाहीत आणि गुलामी ही त्यांची स्वाभाविक स्थिती आहे, हाच नव्या राज्याचा पाया असल्याचे जाहीरपणे सांगितले. पराभवानंतर त्याच स्टीफन्स यांनी ग्रंथ लिहून वाद राज्यांच्या अधिकारांचा होता असे प्रतिपादन केले आणि युद्धाला 'राज्याराज्यांमधले युद्ध' म्हटले. उत्तरेच्या सरकारी दफ्तराने मात्र त्याला 'बंडाचे युद्ध' हे नाव दिले. पुढे कोलंबिया विद्यापीठातील विल्यम डनिंग आणि त्यांचे शिष्य युद्धोत्तर पुनर्रचनेचा इतिहास कृष्णवर्णीयांना हीन ठरवून लिहीत राहिले आणि तो निःपक्षपाती म्हणून शिकवला गेला. १९३५ मध्ये कृष्णवर्णीय इतिहासकार ड्युबॉइस यांनी त्याचे खंडन केले. कृष्णवर्णीय ही इतरांसारखीच सामान्य माणसे आहेत असे मानून मी लिहीत आहे, हे त्यांनी आरंभीच नोंदवले. ते तटस्थ नव्हते, पण डनिंग यांच्यापेक्षा कितीतरी अधिक वस्तुनिष्ठ होते.

'यादवी'वरचा खरा आक्षेप निराळा आहे: लढणारे सारे एकाच कुळातले, असे तो शब्द गृहीत धरतो. १९१३ मध्ये गेटिसबर्ग या जुन्या रणभूमीवर दोन्ही बाजूंचे वृद्ध सैनिक भाऊ म्हणून भेटले तेव्हा हेच चित्र उभे राहिले, आणि सुमारे ४० लाख गुलाम व उत्तरेच्या सैन्यातले सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक त्या चित्राबाहेर राहिले. 'गृहयुद्ध' सुचवणाऱ्या पंडितांना मात्र हे दिसत नाही की, त्यांच्या 'गृहा'तही तेच भाऊ राहतात. म्हणून रूढ झालेले 'यादवी युद्ध' खुशाल ठेवावे. पण प्रथमोल्लेखीच ते गुलामगिरीवरून झाले असे स्पष्ट लिहावे.