रस्ट प्रोजेक्टसाठी एडिटर आणि लॉगिंग कसं लावावं?

तुमचे प्रश्न दोन आहेत: व्हीएस कोडमध्ये फाइल सेव्ह केली की टर्मिनलमधलं कार्गो रन (रस्ट भाषेतला प्रोग्राम बांधून चालवणारी कमांड) अडकून का बसतं, आणि प्रिंटलाइनने स्क्रीनवर छापणं सोडून लॉगिंगकडे, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदी ठेवण्याकडे, वळायचं तर लॉग ही लायब्ररी घ्यावी की ट्रेसिंग.

आधी एडिटरचं उरकू. एक्स्टेन्शन एकच पुरतं, एडिटरला रस्ट कोड समजावणारं रस्ट-ॲनलायझर. जुन्या लेखांत आरएलएस (त्याच कामाचं आधीचं साधन) लावायला सांगितलेलं दिसेल, पण ते २०२२ मध्ये मोडीत काढलं, त्याच्या वाटेला जाऊ नका. फोल्डर मात्र कार्गो.टॉमल (प्रोजेक्टची माहिती असलेली फाइल) ज्यात आहे तोच उघडा. दोन-तीन पातळ्या वरचा उघडला तर ॲनलायझरला प्रोजेक्ट सापडतच नाही. कोड रंगीत दिसतो, म्हणून सगळं सुरळीत आहे असं वाटतं; पण रंगांचं काम एडिटर वेगळंच करतो. व्हेरिएबलवर माउस नेऊन पाहा. टाइप दिसला नाही तर ॲनलायझर जागा झालेला नाही.

आता अडकण्याबद्दल. टर्मिनलमध्ये ‘ब्लॉकिंग वेटिंग फॉर फाइल लॉक ऑन बिल्ड डिरेक्टरी’ असं येत असेल. सेव्ह केल्याबरोबर ॲनलायझर मागे कार्गो चेक (कोडमधल्या चुका तपासणारी कमांड) चालवतो, आणि तो व तुमचं कार्गो रन दोघंही बिल्डच्या फाइली ठेवायच्या एकाच टार्गेट फोल्डरवर कुलूप लावायला बघतात. सेटिंगमध्ये रस्ट-ॲनलायझरच्या कार्गो विभागात ‘टार्गेट डिर’ आहे, ते ट्रू करा. मग तो टार्गेटच्या आत स्वतःचा वेगळा फोल्डर करतो आणि भांडण मिटतं. डिस्कवर जागा जास्त जाते, पण मला हा सौदा नेहमीच परवडलाय. त्याच बैठकीत चेकची कमांड बदलून क्लिपी (कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवणारं साधन) करा आणि सेव्ह करताना रस्टफमट (कोडची मांडणी नीट करणारं साधन) चालू द्या. टीम असेल तर प्रोजेक्टच्या मुळाशी रस्ट-टूलचेन.टॉमल ठेवून व्हर्जन पक्कं करा, नाहीतर एकाच्या मशीनवरची क्लिपीची वॉर्निंग दुसऱ्याला दिसत नाही.

लॉगिंगचं खरं दुखणं वेगळं आहे. ते चुकलं तर एरर येत नाही, नुसती शांतता असते. लॉग हा क्रेट (रस्टमधली लायब्ररी) म्हणजे फक्त दर्शनी भाग. त्याचे इन्फो, डीबग हे मॅक्रो लिहिले तरी मागे खरा लॉगर नसेल तर ओळी हवेत विरतात. म्हणून मेनच्या अगदी सुरुवातीला लॉगर सुरू करायचा. छोटं कमांड लाइन टूल असेल तर लॉग आणि एन्व्ह-लॉगर ही जोडी घ्या, त्याहून जास्त काही लागत नाही. मात्र एन्व्ह-लॉगर मुळात फक्त एरर पातळी दाखवतो. बाकीचं पाहायला रस्ट_लॉग हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल द्यावा लागतो.

इथे मी पूर्ण दोन संध्याकाळी घालवल्या आहेत. पॅकेजच्या नावात हायफन होता, ‘ऑर्डर-सेवा’ असतं तसा, आणि मी रस्ट_लॉगमध्ये तसंच लिहून पुढे डीबग लावलं. एकही ओळ येईना. कारण कोडच्या आत क्रेटच्या नावातला हायफन अंडरस्कोर होतो आणि फिल्टर तेच नाव पाहतो. ‘ऑर्डर_सेवा’ लिहिलं आणि ओळींचा पाऊस पडला. ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी इतक्या वेळा लागते.

टोकिओवर (एकाच वेळी अनेक असिंक कामं चालवणारी रस्टची लायब्ररी) सर्व्हर लिहीत असाल तर मात्र सरळ ट्रेसिंग घ्या. समजा, एकाच वेळी दोन रिक्वेस्ट चालू आहेत आणि लॉगमध्ये ‘डेटाबेस टाइमआउट’ अशी ओळ आली. ती कोणाची? साध्या लॉगमध्ये ओळी एकमेकींत मिसळलेल्या असतात, सांगता येत नाही. ट्रेसिंगमध्ये रिक्वेस्टभोवती स्पॅन (एका कामाची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची चौकट) घालता, त्यात रिक्वेस्टचा क्रमांक ठेवता, आणि आतल्या प्रत्येक ओळीला तो आपोआप चिकटतो. फंक्शनवर इन्स्ट्रुमेंट ॲट्रिब्यूट लावलं की स्पॅन तयार. पण ते सगळे आर्ग्युमेंट्सही नोंदवतं, म्हणून पासवर्ड किंवा टोकन असेल तिथे स्किप लिहायला विसरू नका. आणि असिंक फंक्शनमध्ये स्पॅनचं एंटर हाताने बोलावून त्याचा गार्ड (जो जिवंत असेपर्यंत स्पॅन चालू राहतो) अवेटच्या, म्हणजे काम थांबून वाट पाहण्याच्या जागेच्या, पलीकडे धरून ठेवू नका. टास्क थांबला की त्या थ्रेडवर दुसरा टास्क चढतो आणि त्याच्या ओळी तुमच्या स्पॅनखाली जमा होतात. चुकीचा लॉग हा नसलेल्या लॉगपेक्षा वाईट, तो तुम्हाला भलतीकडेच शोधायला लावतो.

ट्रेसिंगच्या नोंदी गोळा करून छापणारा ट्रेसिंग-सब्स्क्रायबर घेताना ‘एन्व्ह-फिल्टर’ हे फीचर कार्गो.टॉमलमध्ये चालू करा, म्हणजे रस्ट_लॉगमधले क्रेटनिहाय फिल्टर पुरेपूर वापरता येतात. फाइलमध्ये लिहायचं असेल तर ट्रेसिंग-अपेंडरचा नॉन-ब्लॉकिंग रायटर एक गार्ड परत देतो. तो नुसत्या अंडरस्कोरमध्ये टाकलात तर त्याच ओळीला नष्ट होतो आणि फाइलमध्ये काही पोचत नाही. त्याला ‘_गार्ड’ असं नाव देऊन मेन संपेपर्यंत जिवंत ठेवा.