बाही ओढत होती

"मॅडम, एका स्पर्धेत पहिला नंबर गेला म्हणून कुणी चार महिने मशीनला हात लावत नाही का हो?"

मी समुपदेशक आहे. फोनवर एका आईचा हा पहिलाच प्रश्न. तो माझ्याकडे निरनिराळ्या वेषांत येतो. कुणाच्या मुलाची एकांकिका अंतिम फेरीत पडलेली असते, कुणाची मुलगी निवड चाचणीत शेवटच्या नावाला गळलेली असते. घरचे महिनाभर समजून घेतात, मग वैतागतात. एवढं काय त्यात, असं त्यांना वाटतं आणि त्यांचंही फारसं चुकत नाही. या प्रश्नाकडे बघायची माझी पद्धत जिच्यामुळे बदलली, त्या मुलीची ही हकिकत. तिची आणि आईची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल ते सगळं बदललं आहे.

मुलगी पुण्यात फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होती. आई फलटणकडच्या एका गावात ब्लाउज शिवते. कॉलेजच्या शेवटच्या शोसाठी मुलीने घोंगडीचं कलेक्शन केलं होतं. जाकिटं, एक लांब अंगरखा, मांजरपाटाचे घोळदार स्कर्ट. घोंगडी म्हणजे खांद्यावर टाकायचं किंवा अंगाखाली घालायचं कापड. ते कापून त्याला बाही बसवायची तर साध्या मशीनची सुई मोडते. तिने सहा मोडल्या होत्या, हे तिने मला अभिमानाने सांगितलं. अंतिम फेरीत तिघी होत्या. हिचा दुसरा नंबर आला. पहिलीला एका डिझायनरकडे सहा महिने काम शिकायची संधी मिळाली.

"दिवसभर काय करतेस?" मी विचारलं.

"काही नाही. रात्री फिनाले बघते."

"कसला?"

ती पहिल्यांदा सरळ बसली. 'प्रोजेक्ट रनवे' मी पाहिलेलं नव्हतं, आणि समुपदेशकाने अज्ञान कबूल केलं की समोरचा खुलतो हा माझा जुना अनुभव आहे. हा कार्यक्रम अमेरिकेत २००४ च्या डिसेंबरात सुरू झाला. दर भागात डिझायनरांना एक आव्हान, हातात मोजका वेळ, आणि शेवटी एक जण घरी. उरलेल्या तिघा-चौघांना पैसे आणि काही आठवडे देऊन घरी पाठवायचे, तिथे त्यांनी संपूर्ण कलेक्शन करायचं, आणि ते न्यूयॉर्क फॅशन वीकच्या रॅम्पवर आणायचं. आधी हा शो ब्रायंट पार्कच्या तंबूत व्हायचा. २०१० च्या सप्टेंबरात फॅशन वीक लिंकन सेंटरला गेला आणि आठव्या सीझनचा फिनाले तिथे झाला. ही तोच पाहत होती. पुन्हा पुन्हा.

त्यात तिघे होते. हवाईचा अँडी साऊथ, पोर्टलंडची ग्रेचेन जोन्स आणि डेन्व्हरचा मोंडो ग्वेरा. मोंडोचं कलेक्शन म्हणजे रंगांचा नुसता धुमाकूळ, मेक्सिकोतल्या मृतांच्या सणावरून सुचलेला. ठिपके, पट्टे, सगळं एकावर एक. ग्रेचेनचं मातकट, वाळवंटी, अंगावर सैल सोडलेलं. अँडी तिसरा ठरला आणि मग चार परीक्षक दोघांवर भांडत बसले. हायडी क्लूम आणि पाहुणी जेसिका सिम्पसन मोंडोच्या बाजूने. मायकेल कोर्स आणि नीना गार्सिया ग्रेचेनच्या. दोन विरुद्ध दोन. एक बाजू म्हणते, बघताक्षणी जीव जडतो तो हा. दुसरी म्हणते, फॅशन आता निघाली आहे ती तिकडे. शेवटी दुसऱ्या बाजूची सरशी झाली. ग्रेचेन जिंकली.

"नीनाचा चेहरा बघा तुम्ही," ती म्हणाली. "ठरवूनच बसलेली असते."

इथे मी चूक केली, आणि ती वीस वर्षांच्या अनुभवानंतर केली म्हणून लिहिते. मी सांत्वन केलं. तिला सांगितलं की दुसऱ्या नंबराचं दुःख वेगळंच असतं, त्यावर अभ्यासही झालाय. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या खेळाडूंचे चेहरे पाहून मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडलं की रौप्यपदक मिळालेले कांस्यवाल्यांपेक्षा कमी आनंदी दिसतात. तिसरा म्हणतो, निदान पदक तरी मिळालं. दुसरा म्हणतो, थोडक्यात हुकलं. अभ्यास खरा आहे, मला तो आवडतोही. पण तिने तो बसमधल्या सूचनेसारखा ऐकला.

घरी जाऊन मी त्या कार्यक्रमाबद्दल वाचलं आणि पुढच्या भेटीत आणखी दारूगोळा घेऊन बसले. मोंडो हरला, पण २०१२ मध्ये त्याच कार्यक्रमाचं 'ऑल स्टार्स' निघालं त्यात तो जिंकला, ठाऊक आहे?

"हो मॅडम."

आणि पहिल्याच सीझनचा विजेता जे मॅकॅरोल? एक लाख डॉलरचं बक्षीस त्याने नाकारलं. का, तर करारात पुढच्या कमाईतला दहा टक्के वाटा निर्मात्यांना द्यायची अट होती. म्हणजे जिंकणंही...

"माहितीये मॅडम."

आपण जी माहिती औषध म्हणून देतो, ती मुलं आधीच खाऊन बसलेली असतात. हे पालकांनीही लक्षात ठेवावं. अब्दुल कलामांपासून कुठल्याही थोर अपयशाची गोष्ट सांगायची तर सांगा, पण मुलाने ती शाळेतच ऐकलेली असते.

मधल्या काळात जे विचारायला हवं ते सरळ शब्दांत विचारून घेतलं. झोप उशिरा, पण लागत होती. जेवण कमी, पण मैत्रिणीकडे गेली की व्यवस्थित. जगू नये असं वाटतं का, या प्रश्नावर तिने चमकून "छे" म्हटलं आणि त्या "छे"वर माझा विश्वास बसला. उत्तर वेगळं असतं तर ही गोष्टही वेगळी झाली असती, मी तिला आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. घरात कुणाबद्दल तशी शंका आली तर मंगळवारच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे आणि कधीही लागतो.

तिसऱ्या भेटीत मी माझी शहाणपणाची पोतडी घरी ठेवली. विचारलं, "मोंडो तुला आवडायला कधी लागला?"

वाटलं होतं फिनालेच सांगेल. तिने सांगितला एक मधला भाग. त्यात प्रत्येकाला स्वतःच्या आयुष्यावरून कापडाची छपाई करायची होती. मोंडोने अधिक चिन्हांची नक्षी केली आणि त्याची पँट शिवली. परीक्षकांनी नक्षीचा अर्थ विचारला तेव्हा आधी तो बोलला नाही. मग रॅम्पसमोर उभं राहून म्हणाला, की तो एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे. दहा वर्षं त्याने घरी सांगितलं नव्हतं. हे सांगताना तिचा आवाज खाली गेला. "मॅडम, म्हणजे पँट समोर होती सगळ्यांच्या, आणि कुणाला दिसतच नव्हतं."

मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. मग सहज, खरंच सहज विचारलं, "तुमच्या शोमध्ये पहिली आली तिचे कपडे कसे होते?"

"कलरफुल. पैठणीच्या काठांचे तुकडे, निऑन धागा, मोठ्ठे गोंडे."

"आणि तुझे?"

"घोंगडीचे. काळे, राखाडी, थोडा..." ती थांबली.

"मातकट," मी म्हटलं. "मग तुमच्याकडे मोंडोच जिंकला की."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि फसकन हसली. चार महिने ती मोंडोच्या जागी बसून नीना गार्सियावर दात खात होती आणि कपडे मात्र ग्रेचेनचे होते. हसणं ओसरल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मी पाणी ओतलं. तिने ओढणीच्या टोकाचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

"स्वारगेटला एसटीत बसलो आम्ही," ती म्हणाली. "शो झाल्यावर. आईने पर्समधून चिवड्याची पुडी काढली. आणि म्हणाली, तिसऱ्या जाकिटाची बाही ओढत होती. मी आदल्या रात्री म्हटलं होतं तुला."

"आणि?"

"आणि काही नाही. फलटणपर्यंत मी खिडकीतून बघत होते."

नीनाचा चेहरा कुणाचा होता ते मला तेव्हा कळलं.

आईला बोलावलं. बाई हातात टेप गुंडाळल्यासारखी पर्सचा बंद गुंडाळत बसल्या. आधी त्यांना ते वाक्य आठवेचना. आठवलं तेव्हा डोळे भरले, आणि लगेच त्या तडकल्यासुद्धा: "पण मॅडम, बाही ओढत होती. मी काय खोटं बोलायचं होतं का? पंचवीस वर्षं शिवते मी. गिऱ्हाइकाने हात वर केला की मला बाही जोडतात तो मुंढा कळतो."

मी म्हटलं, "खोटं नका बोलू ताई. पण खरं सोमवारी सांगितलं असतं तरी बाही तेवढीच ओढली असती."

त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "मला काय बोलावं ते सुचलं नाही हो. ती एवढी पडलेली. मला येतं तेवढं मी बोलले."

या कामात मला सगळ्यात जास्त वेळा भेटलेलं वाक्य कुठलं, तर हेच. बाप रिझल्टच्या दिवशी कट-ऑफ समजावत बसतो, कारण त्याला कट-ऑफ येतो. शिवणारी आई मुंढ्याबद्दल बोलते. मुलांच्या बाबतीत निकालानंतरचा पहिला तास फार हळवा असतो, त्यात पडलेलं वाक्य निकालालाच चिकटून बसतं. म्हणून आता माझ्याकडे "एवढं काय त्यात" विचारणारे आले की मी स्पर्धेबद्दल नंतर विचारते. आधी विचारते: निकाल लागल्यावर घरी कसे गेलात? कोण काय बोललं? बहुतेकांना आठवत नाही. मुलांना शब्दन् शब्द आठवतो.

अजून एक गोष्ट उरली होती. परीक्षकांनी प्रत्येकीला लेखी शेरे दिले होते. हिने ते पाकीट उघडलंच नव्हतं. चार महिने पोर्टफोलिओच्या बॅगेत तसंच. कारण उघड होतं. आत बाहीबद्दल लिहिलेलं असणार, म्हणजे आईचं खरं ठरणार. मी म्हटलं, इथेच उघड, वाटलं तर मी वाचते. तिने मला दिलं, मग परत घेतलं आणि आईकडे दिलं.

आईंनी चष्मा लावून सावकाश वाचलं. कापडाची निवड धाडसी. शिवणकाम उत्तम. सहाही पोशाख एकाच सुरात, नजरेला विसावा नाही. एखादा हलका पोशाख मध्ये हवा होता. खाली सही.

बाईंनी कागद उलटून मागची बाजू पाहिली.

"बाहीचं काहीच नाही?"

"नाही," मुलगी म्हणाली.

"अगं, एवढी ओढत होती! दिसली नाही त्यांना? शिवणकाम उत्तम म्हणे!" हे म्हणताना बाईंचा आवाज एवढा चढला, की बाहेरच्या खोलीत बसलेल्या गृहस्थांनी दारातून डोकावलं. मुलीच्या पदरात 'उत्तम' पडलं होतं आणि आई परीक्षकांच्या डोळ्यांवर चिडली होती. मुलगी हसता हसता रडायला लागली, किंवा उलट. मी टिश्यूचा डबा मधे ठेवला आणि जरा बाजूला झाले.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. दोन आठवडे ती आईशी बोललीच नाही. मला ते चांगलं लक्षण वाटलं, कारण आता ती ज्या व्यक्तीवर रागावली होती तिच्यावरच रागावली होती. रात्रीचा फिनाले कमी झाला, बंद नाही. मीही एकदा तो पाहिला. हायडी आणि नीना भांडतात तो भाग मला निकालापेक्षा रंगतदार वाटला. चार जाणती माणसं, समोर तेच कपडे, आणि कुणीही मागे हटायला तयार नाही. निकाल सांगायला एक मिनिट लागतं. ते भांडण मात्र कितीतरी वेळ चालतं.

सातव्या भेटीला तिने फोन पुढे केला. फोटो होता. गावच्या घरातलं कापायचं टेबल, त्यावर तिसरं जाकीट, एक बाही उसवून बाजूला ठेवलेली. मुंढ्याच्या कडेने खडूच्या दोन रेषा, एक निळी, एक पांढरी.

"निळी आईची," ती म्हणाली. "आई म्हणते मुंढा पाव इंच कापायचा. मी म्हणते कापायचं नाही, बगलेत जादा तुकडा जोडून कळी घालायची. घोंगडी आहे, कापली की सुटते."

"कुणाचं बरोबर?"

"अजून भांडतोय."

तिची वेळ संपायला दहा मिनिटं होती. तिने विचारलं, आज लवकर निघाले तर चालेल का, पाच चाळीसची फलटण गाडी मिळेल.