वाचकांचे प्रश्न : आई-मुलांसह घारापुरीची एक दिवसाची सफर

प्रश्न : आम्ही नागपूरचे. हिवाळ्याच्या सुट्टीत मुंबईला जाणार आहोत आणि त्यातला एक दिवस घारापुरीच्या लेण्यांसाठी ठेवावा, अशी इच्छा आहे. सोबत गुडघेदुखीचा त्रास असलेली आई आणि दोन मुले असतील. अंबाझरी-फुटाळ्यापलीकडे पाण्याशी आमचा संबंध आलेला नाही. कोणता दिवस निवडावा? आईला हा प्रवास झेपेल का? बोट सुरक्षित असते का?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आईंना अवश्य न्या. मात्र दिवस निवडताना केवळ सुट्टी पाहू नका, भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील तिथीही पाहा. सोमवारी लेणी बंद असतात, तेव्हा तो वार आधीच वगळा. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते आणि भरती-ओहोटीतील अंतर खूप वाढते. अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत, ज्याला भांग म्हणतात, ते सर्वांत कमी असते. आईंच्या दृष्टीने हेच महत्त्वाचे आहे, कारण या प्रवासातला अवघड क्षण भर समुद्रात येत नाही, तो धक्क्यावर येतो. गेटवे ऑफ इंडियाच्या ओल्या दगडी पायऱ्यांवरून हलत्या लाँचमध्ये पाऊल टाकावे लागते, आणि लाँच एकमेकींना लागून उभ्या असतील, तर एकीतून दुसरीत जावे लागते. उधाणाच्या ओहोटीत लाँच बरीच खाली गेलेली असते. भांगाच्या दिवसांत हा फरक कमी असल्याने चढणे-उतरणे सोपे जाते. खलाशी हात पुढे करतो. आईंनी संकोच न करता त्याचे मनगट घट्ट धरावे आणि लाँच वर येईल त्या क्षणी पाऊल उचलावे.

बेटावरचा धक्का लांबच लांब आहे, परंतु त्यावर छोटी आगगाडी चालते. त्यापुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंना दुकाने असल्यामुळे सावली आणि बसायला जागा मिळते. गुडघे फारच दुखत असतील, तर वर नेणारी डोलीची खुर्ची मिळते का, ते पायथ्याशी विचारावे आणि दर आधीच ठरवून घ्यावा.

सुरक्षेविषयीची आपली शंका अगदी रास्त आहे. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळून अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर प्रवाशांनी जीवरक्षक जॅकेट घालणे सक्तीचे झाले. ते बाकाखाली ठेवून देऊ नका. मुलांना त्यांच्या मापाचे मागून घ्या आणि पट्टे स्वतः आवळा. लाँचमध्ये गर्दी दिसली, तर पुढची घ्या. सकाळी नऊच्या सुमारास सुटणाऱ्या पहिल्या बोटींनी निघालात, तर तासाभरात बेटावर पोहोचता, शिवाय परतीसाठी संध्याकाळच्या शेवटच्या बोटींवर अवलंबून राहावे लागत नाही.

वर गेल्यावर वेळ कसा वापरावा, याबद्दल माझे मत ठाम आहे : सगळी लेणी पाहण्याचा हट्ट सोडा आणि मुख्य लेण्याला निवांत दोन तास द्या. आपल्या सीताबर्डीच्या टेकडीचा दगड ज्या जातीचा, त्याच काळ्या बेसाल्टमध्ये सहाव्या शतकाच्या सुमारास हे लेणे कोरले गेले. युनेस्कोने 1987 मध्ये त्याला जागतिक वारसास्थळ घोषित केले. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर प्रथम काही दिसत नाही. डोळे सरावेपर्यंत खांबांपाशी थांबा. मग मागच्या भिंतीतली सुमारे सहा मीटर उंचीची महेशमूर्ती अंधारातून हळूहळू उमटू लागते : मधला मिटल्या डोळ्यांचा शांत चेहरा, एका बाजूला उग्र अघोर, दुसऱ्या बाजूला हाती कमळ घेतलेले कोमल रूप. मुलांना आधी गोष्ट सांगून मग मूर्ती शोधायला लावा. कैलास हलवणारा रावण, जटांत गंगा झेलणारा शिव, शिवपार्वतीचा विवाह, अर्धनारीश्वर हे सारे तिथेच आहे. अनेक मूर्तींचे पाय आणि हात भंगलेले पाहून मन विषण्ण होते, तरी त्यांचे चेहरे नीट न्याहाळावेत.

नागपूरहून जाताना संत्री नेणारच असाल, तर ती बंद पिशवीत ठेवा. माकडे हातातली पिशवी थेट ओढतात. परतीचे तिकीट त्याच संध्याकाळच्या विदर्भ एक्स्प्रेसचे काढू नये, कारण बोटीला उशीर झाला तर सगळी धावपळ होते. मध्यरात्रीनंतर सुटणारी दुरांतो सोयीची आहे, फक्त आरक्षण करताना तारीख पुढच्या दिवसाची घालायला विसरू नका.

प्रश्न : मला बस लागते. बोटही लागेल का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : शक्यता आहे, पण हिवाळ्यात मुंबई बंदरातील पाणी बहुधा शांत असते. लाँचच्या खालच्या मजल्यावर मध्यभागी बसावे, तिथे हेलकावे कमी जाणवतात. मोबाइलकडे न पाहता दूरच्या किनाऱ्यावर नजर ठेवावी. उपाशी निघू नये आणि तेलकटही खाऊ नये. आल्याचा तुकडा तोंडात धरल्याने बऱ्याच जणांना आराम पडतो. गोळी घ्यायची असेल, तर ती डॉक्टरांना विचारून बोटीत बसण्यापूर्वी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.