वीज कंपनीने न विचारता माझ्या शेतात डीपी (खांबावरचा ट्रान्सफॉर्मर) बसवला. कायद्याने काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही गावाला नसताना ठेकेदाराने बांधापासून बरंच आत डीपी उभा केला, सेक्शन ऑफिसचे साहेब दाद देत नाहीत, आणि गावात सगळे म्हणतात की कलम 57 खाली महिन्याला पाच हजार भाडं मिळतं.

आधी त्या भाड्याचं बोलू. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा याच भाड्याचा मेसेज घेऊन पक्षकार सारखे येतात. वीज कायदा 2003 चं कलम 57 सेवेच्या दर्जाबद्दल आहे. ठरलेल्या दर्जाची सेवा कंपनीने दिली नाही तर ग्राहकाला भरपाई, एवढंच त्यात आहे. शेतातल्या डीपीच्या भाड्याचा त्यात शब्दही नाही. त्या कलमाखाली अर्ज केला की तो एका ओळीत निकाली निघतो आणि शेतकरी गप्प बसतो. मला याची चीड येते, कारण तुमचा खरा हक्क दुसरीकडे शाबूत आहे.

तो आहे कलम 67 मध्ये आणि त्याखालच्या ‘वर्क्स ऑफ लायसन्सीज रूल्स, 2006’ या केंद्राच्या नियमांत. नियम 3 सांगतो की खाजगी जमिनीत काम करायचं तर मालकाची किंवा वहिवाटदाराची आधी संमती हवी. त्याने हरकत घेतली तर कंपनीने जिल्हा दंडाधिकारी (म्हणजे जिल्हाधिकारीच), पोलीस आयुक्त किंवा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणायची. भरपाई, वार्षिक भाडं किंवा दोन्ही तोच अधिकारी ठरवतो. झालेलं काम हलवण्याचा आदेशही तो देऊ शकतो. म्हणजे भाडं मिळू शकतं, पण ते मागावं लागतं, आणि मागायची जागा सेक्शन ऑफिस नव्हे, कलेक्टर ऑफिस.

त्याआधी कार्यकारी अभियंत्याला लेखी हरकत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. त्यात एवढंच विचारा: माझं संमतीपत्र किंवा दंडाधिकाऱ्यांचा आदेश असेल तर प्रत द्या. कंपनी सरकारी असेल तर हेच माहिती अधिकारातही मागा. मग सातबारा, मोजणीचा नकाशा, फोटो आणि पंचनामा जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

नुकसान नीट मांडा. डीपीखाली जागा चार पावलांची असते, पण खांबाचा ताण (आधाराची तिरपी तार) त्याच्या बाहेर जातो, तिथे ट्रॅक्टर वळत नाही, नांगरट हाताने करावी लागते. ऊस असेल तर ठिणगीची भीती कायमची. कायद्यातले शब्द नुकसान, हानी आणि गैरसोय असे तिन्ही आहेत आणि भरपाई ‘पूर्ण’ द्यायची आहे, म्हणून फक्त बुंध्याची जागा मोजून थांबू नका. दंडाधिकाऱ्यांचा आदेश पटला नाही तर महाराष्ट्र वीज नियामक आयोगाकडे दाद मागता येते. कलेक्टर ऑफिसात अर्ज नुसताच पडून राहिला तर उच्च न्यायालयात रिट याचिका.

टॉवरलाइनचं गणित वेगळं. तिथे कलम 164 खाली कंपनीला 1885 च्या टेलिग्राफ कायद्याचे अधिकार दिलेले असतात, आणि मग आधी संमती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पॉवरग्रिड विरुद्ध सेंच्युरी टेक्स्टाइल्स प्रकरणात डिसेंबर 2016 मध्ये स्पष्ट केलं. लढाई उरते ती रकमेची, आणि ती जिल्हा न्यायाधीशांपुढे. केंद्राच्या जून 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या पायाला जमिनीच्या किमतीच्या 200 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला 30 टक्के भरपाई सुचवली आहे. तुमच्या डीपीबाबत कंपनी 164 चं नाव घेऊ लागली, तर तो अधिकार देणारा शासनाचा आदेश दाखवा म्हणा.

रागाच्या भरात डीपीला हात लावू नका, फ्यूजसुद्धा काढू नका. जीव जाईल, आणि वाचलात तर गुन्हा तुमच्यावर.

अर्ज करण्याआधी एक गोष्ट मात्र तपासाच. सातबारा सामाईक असेल तर भावकीतल्या कुणीतरी संमतीपत्रावर सही केलेली निघते, किंवा पंपाच्या कनेक्शनच्या अर्जात आपलीच सही असते. कंपनी ऐनवेळी तोच कागद काढते. तसा कागद निघाला तर इथे कळवा, अर्ज वेगळ्या पद्धतीने लिहावा लागेल.