कललेल्या देवदारात पाणी कसं चढतं?

प्रश्न: मनालीला उतारावरचे देवदार बुंध्याशी वाकलेले बघितले, तिथून पाणी नीट चढतं का हो?

उत्तर: चढतं, पण खालच्या बाजूने कमी. देवदारासारखं सूचिपर्णी (सुईसारख्या पानांचं) झाड कललं की खालच्या अंगाला वेगळंच लाकूड बनतं, लालसर, जड, लिग्निन (लाकूड कडक करणारा पदार्थ) जास्त, आणि ते खालून रेटा देऊन खोड सरळ करायला बघतं. आता गंमत अशी की या झाडांत आधार देणाऱ्या आणि पाणी नेणाऱ्या पेशी एकच, ट्रॅकीड, त्यामुळे भिंती जाड झाल्या की पोकळी बारीक होते, आणि नळीची रुंदी निम्मी झाली तर तेवढ्याच दाबाला पाणी सोळाव्या हिश्श्यावर येतं, बघा म्हणजे! तरी झाड तहानलेलं राहत नाही, वरच्या अंगाचं लाकूड पाणी नेण्याचा बराच भार उचलतं. आपल्या आंब्यात वगैरे उलटं, खास लाकूड वरच्या बाजूला बनतं नि खेचतं.