चौतीस हजारांतले चोवीस मदतनिसाला, मग नोकरी कशाला?

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. मी ३९ वर्षांची, पतसंस्थेत नोकरी, हातात ३४ हजार. यजमान ४३ वर्षांचे. तीन वर्षांपूर्वी दुचाकीच्या अपघातात मणक्याला मार बसून कमरेखालची हालचाल गेली. दिवसभराचे केअरटेकर ब्यूरोकडून येतात, महिना २४ हजार. घरखर्च २३ हजार. गृहकर्ज ११ लाख, अजून ९ वर्षं, हप्ता १४,६००. गेल्या महिन्यात दाव्याचा निकाल लागून ४१ लाख मिळाले. त्यातले २० लाख न्यायाधिकरणाने ५ वर्षांच्या ठेवीत ठेवले आहेत, व्याज दरमहा खात्यात येईल. दीर म्हणतात, कर्ज फेडून टाक आणि नोकरी सोडून घरी बस, बाहेरच्या माणसाला पैसे कशाला? काय करावं?

उत्तर : ताई, तुमच्या दिरांचं अर्धं बरोबर आहे. कर्ज फेडा. नोकरी मात्र सोडू नका.

आधी कर्ज. ११ लाखांवर बँकेत ७ टक्के धरले तर महिन्याला साधारण ६,४०० रुपये व्याज येईल. तेच पैसे कर्जात भरले तर १४,६०० चा हप्ता बंद होतो. मोकळे २१ लाख आहेत, त्यातून हे काम उरकून टाका.

आता नोकरी. ३४ मधून २४ गेले, उरले १०, हा हिशेब आजचा आहे. मदतनिसाचा पगार दरवर्षी वाढणार. ७ टक्के वाढ धरली तर दहा वर्षांनी तो ४७ हजारांच्या आसपास जातो. कर्ज फेडून उरलेले ३० लाख ७ टक्क्यांनी वाढले आणि मदतनिसाचा खर्चही त्याच वेगाने वाढला, तर आज वर्षाला २ लाख ८८ हजार लागत असल्याने ही रक्कम दहा वर्षं आणि वर काही महिने पुरते. तेव्हा यजमान त्रेपन्न-चोपन्नचे असतील. ठेवीचं व्याज ठरलेलं असतं, ते महागाईबरोबर पळत नाही. तुमच्या घरात दरवर्षी वाढू शकेल असं एकच उत्पन्न आहे, तुमचा पगार. वाढत्या खर्चाला तोच जोडून ठेवायचा.

घरी बसलात तर मदतनिसाचे २४ वाचतील, पण ३४ जातील आणि घरखर्चाचे २३ हजार तसेच राहतील. हळूहळू ठेव मोडावी लागेल. दहा वर्षांनी पन्नाशीजवळ पुन्हा नोकरी शोधणं काय असतं ते मी सांगायला नको. शिवाय मोठ्या माणसाला रोज व्हीलचेअरवर घेणं-उतरवणं, बेडसोअर होऊ नयेत म्हणून रात्रीत कूस बदलवणं, यात तुमचीच पाठ गेली तर दोघांना मदतनीस लागतील. 'बाहेरचा माणूस' म्हणताना हे कुणी मोजत नाही.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारलेली नाही. निकालाची प्रत काढून मदतनिसाच्या खर्चापोटी किती दिलं आहे ते बघा. कित्येकदा तिथे एक-दोन लाखांची ठोक रक्कम लिहिलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हरियाणातल्या एका मुलीच्या दाव्यात हा खर्च गुणक लावून, म्हणजे वर्षाच्या खर्चाला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणून, काढायला सांगितलं: दोन मदतनिसांचे महिना १० हजार, गुणक १८, म्हणजे २१ लाख ६० हजार. अपघाताच्या वेळी यजमान चाळीस वर्षांचे होते, त्या वयाला गुणक १५. महिना १० हजारच धरले तरी १८ लाख होतात. उच्च न्यायालयात अपिलाला निकालापासून ९० दिवस असतात आणि तुमचा एक महिना गेला. याच आठवड्यात वकिलांना भेटा.

दुसरं, यजमान नोकरीत असताना अपघात झाला असेल आणि पीएफ कापला जात असेल, तर कायमच्या पूर्ण अपंगत्वाबद्दल ईपीएस (पीएफसोबतची कर्मचारी पेन्शन योजना) मधून पेन्शन मिळू शकते. त्यासाठी वयाची ५८ वर्षं गाठावी लागत नाहीत, एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी चालते. वैद्यकीय तपासणी करून घेतात. १५ हजारांच्या पगारमर्यादेत १६ वर्षांची नोकरी असेल तर सुमारे ३,४०० रुपये. थोडे आहेत, पण आजन्म आहेत.

करसवलतीच्या मागे लागू नका. तुमचं उत्पन्न नव्या करप्रणालीत असंही करमुक्त बसतं आणि दिव्यांगांची वजावट तिथे मिळतही नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मात्र काढून ठेवा. संजय गांधी निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा दिव्यांगांसाठी वर्षाला ५० हजार असल्याने तो फॉर्म तुमच्यासाठी नाही.

महिन्याचा मेळ असा : पगार ३४, ठेवीचं व्याज साधारण साडेअकरा, पेन्शन मिळाली तर साडेतीन. खर्च ४७. जेमतेम बसतं, म्हणून मदतनिसाचे तास कमी करण्यावर खरी मेहनत घ्या. यजमानांचे हात चांगले असतील तर बारा तास माणूस लागतोच असं नाही. आंघोळ, शौच, कपडे, खुर्चीत बसवणं हे सकाळच्या तीन-चार तासांत होतं. बिछान्यावरून खुर्चीत स्वतः सरकायचं तंत्र चांगला ऑक्युपेशनल थेरपिस्ट शिकवतो. मुंबईला हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथे एकदा दाखवा. ब्यूरो लगेच सोडू नका. थेट माणूस ठेवला तर कमिशन वाचतं, पण तो गावी गेला की बदली माणूस कोण देणार?

मोकळ्यातले उरलेले १० लाख: ३ लाख हाताशी, ७ लाख वर्षभरात थोडे थोडे करून इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकाबरोबर चालणारा म्युच्युअल फंड), सात-आठ वर्षं हात न लावण्याच्या बोलीवर. दिरांनी उसने मागितले तरी.

आणि नोकरी चालू आहे तोवर स्वतःचा टर्म इन्शुरन्स घ्या, किमान ५० लाखांचा. पगार थांबला की कंपन्या तेवढा विमा देताना हात आखडता घेतात. केअरटेकरचाही प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढून द्या, वर्षाला २० रुपये लागतात.